निळ्या रेघेतला चोर

१

तीन वर्षांत अकरा मोटारसायकली गेल्या. सगळ्या पौषात, भैरोबाच्या माळावरच्या यात्रेच्या आठवड्यात, आणि त्यातली एकही सापडली नाही. त्यामुळं फौजदार शिवांजली मॅडम सोमवारी सकाळी पेढ्यांचा पुडा घेऊन दारात उभ्या राहिल्या आणि चोर मिळाला म्हणाल्या, तेव्हा मी सोलत असलेला वाल बाजूला ठेवला आणि त्यांना आधी बसायला सांगितलं.

मी राहीबाई. साताऱ्यातल्या एका पोलीस ठाण्यात चौतीस वर्षं काढली. त्यातली सव्वीस रायटर म्हणून, म्हणजे लोकांच्या फिर्यादी लिहून घ्यायच्या आणि रजिस्टरं सांभाळायची. ठाण्याचं नाव सांगणार नाही, तिथलं मीठ खाल्लंय. शिवांजली माझ्या हाताखाली शिपाई म्हणून आली आणि खात्याची परीक्षा देऊन फौजदार झाली. चारचौघांत मी तिला मॅडम म्हणते. घरात ती शिवाच आहे, आणि मी तिची मावशी.

शिवा म्हणाली, मावशी, तुमचा तक्ता कामाला आला.

हा तक्ता म्हणजे माझं एक वेड. एक्याण्णव साली मी आलेखाच्या कागदावर दोन रेघा ओढायला घेतल्या. तांबडी रेघ मारामारीची, त्यात फुटलेल्या डोक्यापासून खुनापर्यंत सगळं आलं. निळी रेघ गाड्यांच्या चोरीची. दर महिन्याला एकेक टिंब द्यायचं, आणि वर्ष संपलं की पुढचा कागद खळीनं चिकटवायचा. साहेब लोक आधी हसले. मग मीटिंगला तोच कागद मागायला लागले, आणि मी रिटायर झाल्यावरही शिवानं टिंबं देणं चालू ठेवलं.

काय दिवस होते ते. निळी रेघ तेव्हा जमिनीवरून सरपटायची, वर्षाला दोन राजदूत आणि एखादी लुना. सायकली जायच्या, पण त्या चोराला सगळं गाव ओळखायचं. एकानं तर चोरलेली सायकल चाकात हवा भरून ठाण्याच्या फाटकाला टेकवून ठेवली होती. तांबडी मात्र ऊस तुटायला लागला की उसळायची. कुणाचा बांध सरकला, कुणी पाटाचं पाणी फोडलं, की माणसं कुऱ्हाडी घेऊन धावायची आणि दुसऱ्या दिवशी तीच माणसं ठाण्याच्या ओट्यावर एका कपातला अर्धा-अर्धा चहा प्यायची. आता तांबडी खाली उतरलीय आणि निळी तिच्या डोक्यावर जाऊन बसलीय. डोकी फुटायची कमी झाली हे चांगलंच झालं. तरी त्या माणसांची आठवण येते, आणि ती का येते हे मला सांगता येत नाही.

तर त्या तक्त्यावर दर पौषात निळी रेघ वर जाते. पौषात गावात नवीन काय येतं? यात्रा. आणि यात्रेबरोबर बिराप्पा पाळणेवाला. त्याच्यावर मारामारीची एक जुनी केसही होती. ठाण्याच्या मोठ्या साहेबांनी दोन्ही रेघा जोडल्या आणि त्याच्या तडीपारीचा प्रस्ताव घातला. सातारा आणि सांगली, दोन्ही जिल्ह्यांतून दोन वर्षं बाहेर. गुरुवारी प्रांतांपुढं सुनावणी होती, आणि पुरावा म्हणून पहिलंच पान माझ्या तक्त्याचं होतं.

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. मी पेढा तोंडात टाकला आणि प्रत बघायला मागितली. चष्मा लावून गेल्या वर्षाच्या पौषावर बोट ठेवलं, आणि पेढ्यांचा पुडा शिवाकडं परत सरकवला.

गेल्या वर्षी यात्रा भरलीच नव्हती. मानाची काठी कुणी उचलायची यावरून दोन भावक्या अडून बसल्या, नुसती पूजा झाली, एक दुकान लागलं नाही की पाळणा आला नाही. तांबडी रेघ त्या महिन्यात सपाट होती. निळी मात्र नेहमीसारखी वर गेली होती.

२

शिवाला दाखवलं तर ती म्हणाली, साहेब म्हणतात पाळणा आला नसला तरी माणूस आला असेल. मी म्हटलं, मग त्यालाच विचारते. मंगळवारी सकाळच्या एसटीनं मी सांगलीला गेले.

बिराप्पा नदीकाठच्या मैदानातला पाळणा खोलत होता. मूळचा जतकडचा. घरी म्हातारी आई, धोंडुबाई. त्याच्या बापाला मी चांगली ओळखायचे. तेव्हा पाळणा लाकडी होता, चार खोक्यांचा, हातानं फिरवायचा. यात्रेच्या बंदोबस्ताला मी नवीन असताना म्हाताऱ्यानं मला वर्दीसकट त्यात बसवलं होतं. वर गेल्यावर अजिंक्यतारा दिसला, आणि मी डोक्यावरची टोपी धरून लहान पोरीसारखी हसत सुटले होते. त्या हसण्याबद्दल फौजदारांनी मला तासभर उन्हात उभं केलं.

बिराप्पानं मला ओळखलं, पण पाणी विचारलं नाही. नोटीस खिशातच होती, ती माझ्या हातात दिली. मारामारीच्या केसचं विचारलं तर म्हणाला, दारू पिऊन एक जण पाळण्यातल्या पोरीच्या अंगाशी जात होता, त्याला खाली ओढून दोन ठेवून दिल्या. पुन्हा भेटला तर पुन्हा देईन. गेल्या पौषात कुठं होतास म्हटल्यावर उत्तर आलं, घरी. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. साक्षीला कोण? आई. आईची साक्ष प्रांत किती धरतील हे त्यालाही कळत होतं.

मी विचारलं, तुझ्यावर डूख धरणारं कुणी आहे का? त्यानं पाना खाली ठेवला.

"अक्का, माझ्यावर कोण कशाला डूख धरंल? त्या कागदावर दोन रेघा हायत. त्या कुणी वडल्या, त्याला इचारा. दोन वर्सं घरात पाय टाकायचा न्हाई म्हणत्यात. आई तवर ऱ्हाती का?"

रेघा मी ओढल्या हे त्याला ठाऊक नव्हतं. सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. चौतीस वर्षं नोकरी केलेली बाई मी, आणि त्या दिवशी मला लाज वाटली तशी कधी वाटली नव्हती. साताऱ्यात उतरल्यावर घरी न जाता सरळ ठाण्यात गेले आणि शिवाला म्हटलं, अकराही फिर्यादी काढ.

३

फिर्यादी वाचायच्या तर सलग वाचाव्यात. एकेक वाचली तर प्रत्येक खरी वाटते.

अकराच्या अकरा फिर्यादी लष्करातल्या जवानांच्या होत्या. सुट्टीवर आलेली पोरं, कुणी औंधकडचा, कुणी शिराळ्याकडचा, कुणी कोरेगावचा. पहिल्या आठांत एकच वाक्य होतं: काल सायंकाळी पाळण्याच्या पाठीमागे गाडी लावली, परत आलो तर नव्हती. गेल्या वर्षीच्या तिन्हींत पाळण्याच्या जागी मंडई होती, बाकी वाक्य तेच. एवढी पोरं, वेगवेगळ्या गावांची, आणि बोलणं एका साच्यातलं.

दुसरी गोष्ट मला उठूनसुद्धा बघावी लागली नाही. माळावर पाळण्याची जागा बापाच्या काळापासून ठरलेली आहे, आणि तिच्या मागं ओढा आहे. सरळ दोन पुरुष खोल. तिथं मोटारसायकल काय, शेळी बांधता येत नाही. तरी ओढा बुजवला असेल म्हणून रिक्षा करून जाऊन आले. होता तसाच होता. पंचनामा करणाऱ्यानं तो ठाण्यातच पंख्याखाली बसून लिहिला असणार, त्याशिवाय असं होत नाही. परत येऊन मी शिवाला लय बोलले.

म्हणजे गाड्या तिथून गेल्या नव्हत्या. मग अकरा पोरांना एकच खोटं कुणी शिकवलं? मी प्रत्येक फिर्यादीचं शेवटचं पान उलटलं. सोबत आलेल्या माणसाची सही अकराही ठिकाणी एकच होती. वळणदार, जाड शाईची, जिच्याखाली हुद्दा लिहिल्याशिवाय त्या माणसाला चैन पडत नाही.

सुभेदार लालासाहेब, निवृत्त.

४

लालासाहेबांची आणि माझी ओळख तीस वर्षांची. रिटायर होऊन आल्यापासून ते जवानांची कामं करतात, पेन्शनचे कागद, रेल्वेची तिकिटं, पोरींच्या शाळा. एक रुपया घेत नाहीत. माझे मालक गेले तेव्हा पहिल्या दिवशी दारात आलेला माणूस तो. त्यांच्या घरी मी त्याच संध्याकाळी गेले.

मी आडपडदा ठेवला नाही. ओढ्याचं सांगितलं, सह्यांचं सांगितलं. ते मिशीवरून बोट फिरवत म्हणाले, बाई, खोटं हाय, पण चोरी खरी हाय.

हकीगत अशी. सुट्टी संपली की आपल्याकडची पोरं गाडीवर साताऱ्यात येतात, स्टँडमागच्या लांब भिंतीला गाडी लावतात आणि बस धरतात. गाडी तिथंच सहा-सहा महिने उभी. घरी ठेवली तर भाऊ मोडून ठेवतो, आणि परत यायचं तेव्हा ट्रंक घेऊन गावाकडं जायला एसटी नसते. मी स्वतः त्या गाड्या धुळीनं पांढऱ्या झालेल्या पाहिल्यात. आता पौषात यात्रेसाठी पोरगं आलं आणि गाडी नाही. कधी गेली? कुणास ठाऊक. विमावाला म्हणणार, सहा महिने रस्त्यावर सोडली, उशिरा कळवलं, मिळणार नाही. म्हणून लालासाहेबांनी पहिल्या पोराला सांगितलं, काल गेली म्हण, यात्रेत गेली म्हण. ते काम झालं. मग तेच वाक्य पुढच्याला, आणि त्याच्या पुढच्याला. माळावर ते स्वतः कधी पाळण्यापलीकडं गेले नव्हते, ओढ्याचं त्यांना माहीतच नव्हतं.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. डोकं फुटलं की माणूस त्याच दिवशी ठाण्यात येतो, म्हणून तांबडी रेघ खरं बोलते. गाडी गेलेली माणसाला कळते ती तो सुट्टीवर आल्यावर. मी तीस वर्षं निळ्या रेघेवर चोर कधी येतो ते बघत होते, आणि या पौषात ती मला फक्त जवान घरी कधी येतात ते सांगत होती.

मी म्हटलं, गुरुवारी प्रांतांपुढं एवढंच सांगा. लालासाहेब उठून उभे राहिले.

"बाई, मी सांगितलं तर अकरा पोरं खोटी पडत्यात. वर्दीतली पोरं हायती. त्यांच्या नोकरीवर आलं तर त्यांच्या आयांना मी काय सांगू? आणि चोरानं गाड्या न्हेल्या त्या न्हेल्याच की."

मी म्हटलं, बिराप्पालाही आई आहे. ते आत निघून गेले.

५

बुधवार उजाडला. हातात एकच दिवस होता आणि चोर तर अजून दिसतही नव्हता. मी स्टँडमागच्या भिंतीकडं गेले. तिथं कृष्णातचा चहाचा गाडा आहे, वीस वर्षं त्याच जागी. मी चहा घेतला आणि विचारलं, या गाड्या नेतं कोण?

कृष्णात म्हणाला, चोर कशाला येतोय हितं, दिसभर मी असतो, रात्री दिवे असत्यात. क्रेन न्हेती. गणपतीच्या आधी मिरवणुकीचा रस्ता मोकळा करायला येत्यात. टायर बसलेल्या, धूळ खाल्लेल्या गाड्या बेवारस म्हणून उचलायच्या आणि चांगल्या ठेवायच्या. मी विचारलं, हे तू कुणाला सांगितलं का नाहीस? तो म्हणाला, मला कुणी इचारलं व्हय?

पोरांची गफलत तिथंच झाली होती. शेजारच्या चार गाड्या जागेवर आणि आपलीच गेलेली, म्हटल्यावर कुणालाही चोरीच वाटणार.

आणि उचललेल्या गाड्या कुठं जातात हे मला विचारायची गरज नव्हती. मी रिक्षावाल्याला ठाण्यावर घे म्हटलं.

ठाण्यामागच्या आवारात मी चौतीस वर्षं डबा खाल्लाय. कडुलिंबाखाली बेवारस गाड्यांचा ढीग, त्यावर घाणेरी आणि वेल माजलेले. शिवानं दोन शिपाई लावले, कोयत्यानं वेल तोडले, आणि मी पदर खोचून नंबर प्लेटी पुसायला बसले. पहिली औंधच्या पृथ्वीराजची निघाली. दुसरी शिराळ्याच्या पोराची. दुपारपर्यंत अकराही गाड्या निघाल्या. तीन वर्षं आम्ही ज्या गाड्या शोधत होतो त्या आमच्याच पाठीमागं, हाकेच्या अंतरावर, गंजत पडल्या होत्या.

शिवानं बेवारस रजिस्टर मागवलं. अकराही नंबर त्यात होते, सुवाच्य अक्षरात, तारखा भाद्रपदाच्या. मग प्रत्येक चोरीनंतर हे रजिस्टर तपासलं होतं का? ज्या शिपायाकडं ते काम होतं तो म्हणाला, तपासलं होतं मॅडम, नियमाप्रमाणं. पौषात चोरी, म्हणून पौषाच्या पुढची पानं बघितली.

कुठला नियम, असं शिवानं ओरडून विचारलं. त्यानं पुठ्ठ्याच्या आतला चिकटवलेला कागद दाखवला. "चोरीच्या तारखेपुढील पानेच पाहावीत. मागील पाने पाहण्यात वेळ घालवू नये."

अक्षर माझं होतं. नवीन पोरांना मी हसून सांगायचे, गाडी चोरीला जायच्या आधी सापडते होय रे?

६

साहेबांना आवारात नेऊन दाखवलं. ते म्हणाले, रजिस्टरातली तारीख चुकली असेल, जवान खोटं कशाला बोलतील. कागदावर दोन तारखा एकमेकींना खोटं पाडत होत्या आणि जवानांचं पारडं जड होतं. मी संध्याकाळी पुन्हा लालासाहेबांच्या दारात गेले. आत गेले नाही. एवढंच सांगितलं, की चोर नाहीच, गाड्या आमच्याकडं आहेत, चूक आधी माझी आहे आणि ती मी उद्या सांगणार आहे. तुमचं तुम्ही बघा.

नंतर कळलं, त्यांनी सगळ्या पोरांना फोन लावले. चौघं सीमेवर होते, लागले नाहीत. पृथ्वीराज लागला. तो म्हणाला, आबा, माझ्या गाडीपायी कुणाचं घर जायला नको, मी इथं काय ते बघून घेतो.

गुरुवारी प्रांतांपुढं बिराप्पा धुतलेला सदरा घालून उभा होता. मी माझं बोलले. तक्ता माझा, नियम माझा, दोन्ही चुकीचे. साहेब माझ्याकडं बघतही नव्हते. प्रांतांनी विचारलं, फिर्यादीतल्या तारखा खोट्या कशावरून? मागच्या बाकावरून लालासाहेब उठले.

"साहेब, चोर कुणीच न्हाई. खोटं बोलायला मी लावलं. लिहून घ्या, सही करतो."

सही केली, आणि पहिल्यांदाच खाली हुद्दा लिहिला नाही. तडीपारीचा प्रस्ताव तिथंच निकाली निघाला. पोरांना विम्याचं निस्तरावं लागलं, पृथ्वीराजला युनिटमध्ये जाब द्यावा लागला, तो त्यानं दिला. लालासाहेब चार महिने घराबाहेर पडले नाहीत.

बाहेर बिराप्पा भेटला. मी त्याला सांगितलं, त्या रेघा ओढणारी मीच. तो म्हणाला, आत ऐकलं की. आभार मानले नाहीत, मानायचं कारणही नव्हतं. मग म्हणाला, अक्का, साहेबांचा कागद फाटला, लोकांच्या तोंडातलं कोण फाडणार? यात्रा कमिटीनं त्याची जागा दुसऱ्याला द्यायची ठरवली होती. मी कमिटीच्या दारात बसले आणि जागा मिळाल्याशिवाय उठले नाही.

रविवारी यात्रा भरली. पहिल्यासारखी गर्दी, पहिल्यासारखी धूळ, फक्त बत्ताशांच्या जागी आता आईस्क्रीम. मोठ्या पाळण्याचे दिवे लागले होते, पण त्यात कुणी बसत नव्हतं. बाया पोरांचे हात ओढून पुढं नेत होत्या. एक जण हसत म्हणाला, गाडी सांभाळा रं, पाळणेवाला आलाय. बिराप्पा ऐकून न ऐकल्यासारखा उभा होता.

मी देवळापाशी गेले. तिथं लाऊडस्पीकरवरून हरवलेल्या पोरांची नावं पुकारतात. पुकारणाऱ्याच्या हातातून माईक घेतला. आयुष्यात कधी माईकवर बोलले नव्हते.

म्हटलं, "मी राहीबाई, निवृत्त हवालदार. तीन वर्षं ज्या गाड्या चोरीला गेल्या म्हणतात त्या चोरीला गेलेल्याच नव्हत्या. आमच्या ठाण्यामागं पडल्या होत्या. बिराप्पानं एकही गाडी चोरली नाही. चूक माझी होती."

माळावर गलका चालूच होता. काही माणसं थांबली, काही गेली पुढं. निम्म्यांना ऐकूच गेलं नसणार, पाळण्याच्या जनरेटरचा आवाज फार होता. मी माईक परत देणार एवढ्यात तो आवाज थांबला. पाळण्याचे दिवे विझले. त्या बाजूची गर्दी वळून बघायला लागली, आणि तिच्यातून बिराप्पा माझ्याकडं चालत आला. हात तेलानं माखलेले, डोळे लाल. ओट्याच्या खाली येऊन थांबला.

"अक्का," म्हणाला, "आता पुन्यांदा सांगा."

मी पुन्हा सांगितलं.